गावची आमदारकी, भांडुपमधून

सुरुवातीलाच सांगून टाकतो, आमचं डिपॉझिट गेलं. दहा हजार रुपये. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश मतं लागतात ते वाचवायला, आम्ही त्याच्या आसपासही नव्हतो. त्यामुळे कसं जिंकायचं ते शोधत असाल तर इथं काही मिळणार नाही. पण २०२४ च्या विधानसभेला अपक्ष उभ्या राहिलेल्या आमच्या गावच्या एका रिटायर्ड गुरुजींसाठी मी महिनाभर जे काय केलं ते लिहून ठेवावंसं वाटतंय, कारण आम्हाला हवं होतं तेव्हा असं साध्या भाषेत कोणी सांगणारं नव्हतं आणि एका सहीपायी आमची मोठी फजिती होता होता वाचली.

मी भांडुपला राहतो, लोअर परळला अकाउंट्समध्ये आहे. गाव रत्नागिरी जिल्ह्यात. मतदारसंघाचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतीलच. गुरुजींनी मला चौथीपर्यंत शिकवलं. त्यांना खरं म्हणजे झेडपी लढवायची होती, आमदारकी नव्हे. पण मार्च २०२२ पासून झेडपीवर प्रशासक बसलेला, निवडणूक काय लागेना, आणि इकडे वाड्यावाड्यांतल्या शाळा पटसंख्येपायी बंद पडायला आलेल्या. शेवटी १५ ऑक्टोबरला विधानसभेची तारीख जाहीर झाली आणि त्याच रात्री फोन, "बाळा, तुला हिशोब येतो ना? मग ये." मला वाटलं मस्करी करतायत. गुरुजी मस्करी करत नाहीत हे मी चौथीनंतर विसरलेलो.

२२ ऑक्टोबरपासून फॉर्म भरायचे, २९ ला शेवट, ३० ला छाननी, ४ नोव्हेंबरपर्यंत माघार, २० ला मतदान. मध्ये दिवाळी. म्हणजे प्रचाराला मोजून पंधरा दिवस, आणि भात कापून अंगणात आलेलं, झोडणी बाकी, दिवसा घरात चिटपाखरू नाही.

पहिलं काम बँकेचं. निवडणुकीच्या खर्चासाठी वेगळं खातं लागतं, फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी तरी उघडलेलं पाहिजे, आणि सगळा खर्च त्यातूनच. एका माणसाला सगळ्या प्रचारात मिळून दहा हजाराच्या वर रोख द्यायचे नाहीत. खर्चाची मर्यादा ४० लाख आहे हे ऐकून गुरुजी म्हणाले, "मर्यादा कोणाला पाहिजे, आधी चाळीस हजार आण."

दुसरं काम सूचक, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणारे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि दहाच्या दहा त्याच मतदारसंघातले मतदार पाहिजेत. आम्हाला वाटलं दहा माणसं म्हणजे काय, एका वाडीत मिळतील. मिळाली पण. २६ तारखेला रात्री मी भांडुपला लॅपटॉपवर यादी उघडून एकेकाचा यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक तपासत बसलो, सहज, सवय म्हणून, ऑडिटवाल्यांसारखं. नवव्या नंबरचे काका यादीत सापडेनात. फोन केला तर काकी म्हणाल्या, "अरे ह्यांचं नाव आता नालासोपाऱ्यात गेलंय, पोरानं रेशनकार्डाच्या वेळी सगळंच तिकडं केलं." काकांना स्वतःला पत्ता नव्हता. त्यांनी त्या दिवशी सकाळी सही करून दिलेली आणि वर चहा पण पाजलेला. एक सूचक बाद म्हणजे छाननीत फॉर्मच बाद.

एका उमेदवाराला चारपर्यंत अर्ज भरता येतात. हे आम्हाला तोपर्यंत माहीतच नव्हतं, दुसऱ्या दिवशी एका वकिलाने सांगितलं. मग वेगळ्या दहा सूचकांचा दुसरा सेट केला. त्यातल्या एक आजी सही करत नाहीत, अंगठा लावतात, आणि अंगठा असेल तर तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर लावावा लागतो. आजी सकाळच्या एसटीने तालुक्याला आल्या, नवीन लुगडं नेसून, अंगठा लावला आणि साहेबाला म्हणाल्या, "शाई पुसाक कायतरी द्या की." मग नमुना २६ चं प्रतिज्ञापत्र, म्हणजे उमेदवाराची मालमत्ता, कर्ज, गुन्हे वगैरे, त्यात एक पण रकाना कोरा ठेवायचा नाही, जिथं काय नाही तिथं "निरंक" लिहायचं. गुरुजींच्या प्रतिज्ञापत्रात इतके निरंक झाले की टायपिस्ट म्हणाला गुरुजी, तुमच्यासाठी शिक्का बनवून घेतो.

आता मुंबईचं. कोकणातली विधानसभा अर्धी मुंबईतच लढतात हे ज्यांना माहीत नाही त्यांना पटणार नाही. रत्नागिरी जिल्ह्यात बायका मतदार पुरुषांपेक्षा जास्त आहेत, कारण पुरुष इकडे. २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ११२२ बायका. गावातली वहिनी मत कोणाला देणार हे बऱ्याचदा लालबाग, दिवा नाहीतर विरारहून आलेला फोन ठरवतो, निदान फोन करणाऱ्याला तरी तसं वाटतं. त्यामुळे मोठे उमेदवार मुंबईत मेळावे घेतात, हॉल, जेवण, सगळं. आमच्याकडे गावकीची, म्हणजे गावच्या मुंबईकरांच्या मंडळाची, परळची खोली. दहा बाय बारा, भिंतीवर ग्रामदेवतेचा फोटो, माळ्यावर भजनाचं सामान आणि भांडी.

तिथली रविवारची मीटिंग मी जन्मात विसरणार नाही. मंडळात एक जण एका सेनेचा, दुसरा दुसऱ्या सेनेचा, एक जण कमळवाला, आणि सगळे एकमेकांचे मावसभाऊ. मी उभं राहून गुरुजींचं सांगायला लागलो तर अध्यक्ष म्हणाले मंडळात राजकारण नको. मग दीड तास राजकारणच झालं. शेवटी ठराव काय तर मंडळाचा पाठिंबा कोणालाच नाही, पण खोली बसायला वापरा आणि लाइटचं बिल द्या. ते बिल मी खर्चात लावलं.

मग मी आणि आणखी तिघं जण रोज ऑफिस सुटल्यावर त्या खोलीत बसायचो. वाडीवार यादी काढायची, प्रत्येक घरातला मुंबईत कोण, त्याला फोन. नुसता मेसेज टाकून काही होत नाही. आम्ही रील पण केली होती, माझ्या भाच्याने मागे ढोलताशा लावून, लोकांनी हृदयं पाठवली, आणि नंतर कळलं की बघणाऱ्यांतले निम्मे ठाण्याचे मतदार. फोनवर मात्र खरं कळायचं. "आमच्या वाडीत पाखाडी कोणी केली ते माहितीये ना?" म्हणजे ती पायऱ्यांची वाट दुसऱ्याने केलेली, तिथं आपलं काही नाही. "गुरुजींनी माझ्या भावाला मारलेलं" असं पण एक निघालं, आणि त्याने वर सांगितलं की बरोबर मारलेलं, मत देतो.

निशाणीला तीन पसंती द्यायच्या असतात. आम्हाला मिळाली शिलाई मशीन. मी खूश झालो, घराघरात बायका शिवतात, ओळखीची वस्तू. पहिल्याच दिवशी गोंधळ. "काकी, मशीनवर मशीनचं बटण दाबा." काकी म्हणाल्या, "कंच्या मशीनवर कंचं मशीन?" दुसऱ्या वाडीत एक जण भडकला, मशीनमध्ये मशीन म्हणजे ईव्हीएममध्ये गडबड करताय काय. मग गुरुजींनी ठरवलं की खरं मशीनच दाखवायचं. शेजारच्या काकींचं जुनं पायाचं मशीन टेम्पोत चढवलं, टेम्पोची परमिशन काढली, आणि प्रत्येक वाडीच्या तोंडाशी टेम्पो थांबवून गुरुजी स्वतः पायाने मशीन चालवून दाखवायचे. भाषण नाही. पोरं जमायची, पोरांमागून आया यायच्या. सगळ्या प्रचारात जमलेली एकमेव गोष्ट हीच.

मी शुक्रवारी रात्री दादरहून बाराची तुतारी एक्सप्रेस पकडायचो, रविवारी परत. गावात आल्यावर मला कळायचं की मुंबईत बसून मी जे नकाशे केलेत त्यांचा अर्थ काय. यादीत एक वाडी म्हणजे चौतीस मतं. प्रत्यक्षात साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, ओलांडून अर्धा तास चढण, वर गेल्यावर सात घरं उघडी, पाच घरांना कुलूप, आणि एक आजोबा विचारतात तुम्ही मीटर बघायला आलात काय. तिथं गुरुजी शाळेबद्दल बोलायला लागले की लोक ऐकायचे, पण विचारायचे वेगळंच, वानरांचं काय करणार. हा प्रश्न इतका खरा आहे की त्यावर खोटं बोलणं कठीण. भाजी ठेवत नाहीत, नारळ ठेवत नाहीत, कौलं फोडतात. गुरुजी म्हणायचे मला नाही माहीत काय करायचं, पण मी विधानसभेत विचारीन. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की नाही माहीत असं म्हणू नका. ते म्हणाले, "मग काय सांगू, पकडून तुझ्याकडे भांडुपला पाठवतो?"

बायकांच्या बैठकीत वेगळाच विषय. लाडक्या बहिणीचे १५०० येत होते, एका बाजूने २१०० करू म्हणत होते, दुसऱ्या बाजूने ३०००. आमच्याकडे आकडाच नाही. एक वहिनी सरळ म्हणाल्या, भाऊजी तुमचे गुरुजी चांगले हायत, पण पैसे बँकेत येतात ते खरे येतात. यावर मी काय बोलणार. मला अजूनही वाटतं की ती बाई बरोबर होती, आणि आम्ही त्या मुद्द्यावर गप्प बसलो ही आमची चूक. शाळेचं बोलताना हे पैसे थांबवा असं कोणाचंच म्हणणं नाही, एवढं तरी स्पष्ट सांगायला हवं होतं, कारण मागून तीच अफवा पसरली.

खर्चाची वही तीनदा तपासायला न्यावी लागते. चहा, वडापाव, खुर्च्या, मंडप सगळ्याचे दर प्रशासनाने ठरवलेले असतात, त्यामुळे काकूने फुकट दिलेला चहा पण दर लावून वहीत. पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव पत्ता पाहिजे, आमच्या पहिल्या गठ्ठ्यावर नव्हता, रद्दी झाली. ते पैसे माझ्या खिशातले.

शेवटच्या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. १३ तारखेच्या सुमारास तुळशीची लग्नं झाली, म्हणजे माणसांच्या लग्नांचे मुहूर्त उघडले, आणि मशीनवाल्या काकींचा निरोप आला की ब्लाऊज शिवायचे आहेत, मशीन परत द्या. आमची निशाणीच गेली. उरलेले दिवस टेम्पोत मशीनचा पुठ्ठा. दुसरी गोष्ट म्हणजे बस. मतदान बुधवारी, गणपतीला सुट्टी संपलेली, दिवाळीला संपलेली, मुंबईकर यायचा कसा? मोठ्यांच्या बस १९ ला रात्री सुटणार असं आमच्याच चाळीत नावं लिहून घेत होते. मतदारांना गाडीने नेणं आणणं कायद्याने भ्रष्ट प्रकार आहे, आणि आमच्याकडे तेवढे पैसे पण नव्हते, दोन्ही खरं आहे. गुरुजी म्हणाले, "लोकांना सांग बस कोणाची पण असो, बटण तुमचंच." तक्रार करावी का यावर आमची परळला भांडणं झाली. पुरावा म्हणून फोटो काढायला गेलो तर बसमध्ये माझाच चुलत भाऊ उशी घेऊन बसलेला. फोटो काढला नाही.

१८ ला संध्याकाळी प्रचार बंद. त्यानंतर जो तिथला मतदार नाही त्याने मतदारसंघात थांबायचं नाही. माझं मत भांडुपचं. म्हणजे ज्याच्यासाठी महिनाभर घसा कोरडा केला त्यालाच मला मत देता येत नव्हतं, आणि त्या दिवशी गावात उभं पण राहता येत नव्हतं. मी रात्रीच्या गाडीने परत. २० ला सकाळी भांडुपच्या शाळेत रांगेत उभा राहून ज्यांना कधी बघितलं नाही अशा नावांतून एक निवडलं आणि मग घरी फोन घेऊन बसलो. मतदारसंघात तीनशेच्या वर बूथ, आमचे एजंट जेमतेम साठ ठिकाणी. साडेपाचला अभिरूप मतदान, म्हणजे मशीनची चाचणी असते, एजंटने तेव्हा हजर पाहिजे, आमचे चौघं उठलेच नाहीत. संध्याकाळी प्रत्येक एजंटला फोन, १७क चा नमुना घेतलास का, एकूण मतं किती पडली ते लिहून घे. दोघांनी तो घरी नेऊन देवापुढे ठेवला.

२३ ला निकाल. आमच्या गावच्या बूथवर गुरुजी पहिले आले, शेजारच्या दोन गावांत दुसरे, आणि बाकी ठिकाणी नोटाच्या वरखाली. ज्या वाड्यांत मशीन प्रत्यक्ष गेलं होतं तिथं मतं होती, पुठ्ठा गेला तिथं नव्हती. हा माझा हिशोब, गुरुजींना मान्य नाही, ते म्हणतात पुठ्ठ्याच्या वाड्या मुळातच आपल्या नव्हत्या. बसमधून गेलेल्या चुलत भावाने कोणाला दिलं ते मी विचारलं नाही.

निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा अंतिम हिशोब द्यावा लागतो, नाही दिला तर पुढे तीन वर्षं अपात्र ठरवू शकतात. डिसेंबरात मी रजा टाकून गेलो. आदल्या रात्री काकींनी निरोप पाठवला की मशीनचा पट्टा तुटून आलाय. मी म्हटलं मी देतो पैसे, गुरुजी म्हणाले नाही, वहीत घे. दुसऱ्या दिवशी खर्चाच्या टेबलवर साहेबांचं बोट त्या ओळीवर थांबलं.

"हे काय? पट्टा?"

"हो साहेब."

"कसला पट्टा?"

गुरुजी पुढे झाले. "निशाणीचा."