आमची वाटचाल: मकरपुऱ्यातल्या शेडमधला ओव्हरड्राइव्ह

आमचं मूळ काम कारखान्यांच्या गिअरबॉक्सचं. बाबा कलाभवनात शिकले. सयाजीराव महाराजांनी १८९० साली सुरू केलेल्या या संस्थेने बडोद्याच्या कितीतरी मराठी घरांना हातात कसब दिलं. नंतर बाबांनी बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) छोटा शेड घेतला, एक जुनं लेथ बसवलं आणि येईल तो शाफ्ट, येईल तो बुश करून दिला.

जुन्या गाड्यांकडे आम्ही वळलो ते एका एमजीबीमुळे, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीमुळे. दांडिया बाजारातल्या आमच्या ओळखीच्या काकांची ती गाडी. चौथ्या गिअरात ओव्हरड्राइव्ह (गाडीचा वेग तोच ठेवून इंजिनाचे फेरे कमी करणारी जोडणी) लागत नव्हता आणि कोणी हात लावायला तयार नव्हतं. शेफील्डच्या लेकॉक कंपनीचं हे युनिट गिअरबॉक्सच्या मागे बसतं. आत ग्रहगिअरांचा संच (मधल्या गिअरभोवती फिरणारे छोटे गिअर), शंकूच्या आकाराचा क्लच आणि तेलाच्या दाबावर चालणारे पिस्टन. ओव्हरड्राइव्ह लागला की इंजिनाचे फेरे सुमारे वीस टक्क्यांनी उतरतात. वडोदरा-अहमदाबाद हमरस्त्यावर हे सुख काय असतं, ते मालकालाच विचारा.

बाबांनी त्या दिवशी घालून दिलेला क्रम आजही मोडत नाही. आधी तेलाची पातळी आणि प्रत. मग गिअरबॉक्सवरचा स्विच, वायरिंग, सोलेनॉइड (विजेवर चालणारा खटका). नंतर फिल्टर आणि दाब. एमजीबीचा गिअरबॉक्स काढायचा म्हणजे इंजिनासकट बाहेर येतो. एवढा उपद्व्याप एका सैल वायरसाठी करणं मला मालकाशी केलेला अन्याय वाटतो. एमजीबीत गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्हचं तेल एकच असतं, त्यामुळे त्यात मन मानेल तो ॲडिटिव्ह घालू नये. क्लचचं अस्तर त्याने घसरू लागतं.

उघडावंच लागलं, तर खरी परीक्षा जोडताना असते. गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टला, म्हणजे मेनशाफ्टला, एकापाठोपाठ दोन ठिकाणच्या खाचांत शिरायचं असतं: ग्रहगिअरांच्या कॅरिअरमध्ये आणि एकदिशा क्लचमध्ये (एकाच दिशेला पकड घेणारा क्लच). दोन्ही खाचा एका रेषेत नसल्या की युनिट शेवटी थोडं अडून राहतं. घाईचा माणूस नट आवळून ते ओढून घेतो आणि आतला भाग मोडतो. आम्ही लेथवर एक डमी शाफ्ट करून ठेवला आहे. त्याने खाचा जुळवायच्या, मगच खरा शाफ्ट. युनिट स्वतःच्या वजनाने खाली बसलं पाहिजे, हा आमच्या शेडचा नियम. गिअरबॉक्समधल्या लेशाफ्टच्या (दुय्यम शाफ्टच्या) गिअरांची मागेपुढे हालचालही दोन-तीन थाउच्या (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आतच ठेवतो. सिंक्रोच्या, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या, पितळी रिंगा मात्र इंग्लंडहून मागवतो. त्या इथे कातून देता येतील, पण धातूची खात्री नाही, म्हणून मी देत नाही.

२०२३ साली लक्ष्मीविलास पॅलेसमध्ये जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. तेव्हापासून बडोद्याबाहेरचेही फोन येतात. प्रत्येकाला मी आधी एकच सांगतो: ओव्हरड्राइव्ह सुटत नसेल तर गाडी रिव्हर्समध्ये टाकू नका, ढकलूनसुद्धा मागे घेऊ नका. एकदिशा क्लच तिथेच जातो आणि दोन तासांचं काम दोन महिन्यांचं होतं. टोइंगवाल्यालाही हे सांगून ठेवा आणि गाडी तशीच आमच्याकडे आणा.