मांजरासाठी चार पानी फॉर्म

घरात मांजर आणायचं तर आधी फॉर्म भरायचा, हे ऐकून सगळ्यात जास्त हसल्या त्या आमच्या सासूबाई. त्यांचं माहेर रत्नागिरीजवळ. घरात भाताच्या कणग्या, म्हणून उंदीर, आणि उंदीर म्हणून मांजरं. ती कुणी आणलेली नव्हती. माळ्यावर व्यायची, रात्री चुलीच्या उबेला निजायची, मासे साफ करायला बसलं की पायापायात यायची. पिल्लं किती झाली नि किती उरली, याचा हिशेब कुणी ठेवत नसे. फारच झाली तर पोत्यात घालून पऱ्ह्यापलीकडे सोडून यायचे. "तरी एखादं चार दिवसांनी परत दारात. त्याला कोण फॉर्म विचारणार?"

आम्ही ठाण्यात सहाव्या मजल्यावर राहतो. मांजर हवं होतं ते कॉलेजात जाणाऱ्या मुलीला, आणि तिची पहिली धाव पेट शॉपकडे. तिथे काचेच्या पेटीत पर्शियन पिल्लं होती, चपट्या नाकाची, डोळ्यांतून पाणी गळणारी. तोंडाच्या त्या ठेवणीमुळेच त्यांना श्वासाचा आणि डोळ्यांचा त्रास जन्माला पुरतो, आणि एवढी लोकर अंगावर घेऊन मे महिना ठाण्यात काढायचा ही वेगळीच शिक्षा. २०१८ च्या नियमांप्रमाणे प्राणी विकणाऱ्या दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. मी नोंदणीचा कागद बघायला मागितला, तर मालक आम्हाला फिश टँक दाखवायला लागले. आम्ही निघालो.

मुलीच्या मैत्रिणीने एका छोट्या संस्थेचा नंबर दिला. मोजक्या बायका मिळून चालवतात. शेल्टर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, त्यात फक्त आजारी नि जखमी मांजरं. धडधाकट असलेली वेगवेगळ्या घरांत फॉस्टरला, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरती, ठेवलेली. मला वाटलं, जागा कमी पडत असेल. खरं कारण पॅनल्युकोपेनिया. हा पार्व्होच्या कुळातला विषाणू लस न झालेल्या पिल्लांत शिरला की उलट्या, जुलाब, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळणं, आणि काही दिवसांत अख्खी वीण संपते. जमिनीच्या फटीत, गादीत, कापडात तो वर्षभरही टिकू शकतो. फिनाइलचा भरवसा नाही, उलट ते मांजरांनाच बाधतं. ब्लीचच्या पाण्याने मात्र मरतो. म्हणून फॉर्मात पहिल्याच पानावर प्रश्न होता: गेल्या वर्षभरात घरात एखादं मांजर दगावलं आहे का, आणि कशाने?

फॉर्म चार पानी होता. घर स्वतःचं की भाड्याचं, भाड्याचं असेल तर मालकाची लेखी परवानगी आहे का, घरातले सगळे तयार आहेत का, कुणाला दमा किंवा ॲलर्जी आहे का, घरात मांसाहार चालतो का. हा शेवटचा प्रश्न बघून नवरा म्हणाला, "आता आपण काय खातो तेही सांगायचं?" पण मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं आणि ते मांसामासळीतूनच मिळतं. ते कमी पडलं की काही महिन्यांत हृदय आणि डोळ्यांचा पडदा बिघडायला लागतो. दूध-पोळीवर आणि पनीरवर वाढवलेलं मांजर पोट भरून खातं आणि आतून झिजतं. ज्या घरात मासे शिजत नाहीत तिथे मांजर देत नाहीत असं नाही, पण मग तयार खाद्य आणायची कबुली घेतात.

आणि मग हा प्रश्न: गणपतीला गावी जाता का? तेव्हा मांजराकडे कोण बघणार?

हा प्रश्न ज्याने कुणी लिहिला त्याला मुंबई-ठाण्याची नाडी कळली आहे. गणपती आणि मे महिना, या दोन वेळांना अर्ध्या कोकणी बिऱ्हाडांना कुलूप असतं. मांजराला एसटीतून न्यायचं नाही, शेजारी मासे चालत नाहीत, मग "चार दिवस खाली सोडू, राहील ते," असं म्हणून सोडलेली मांजरं परतल्यावर सापडत नाहीत. आम्ही उत्तर लिहिलं: आत्याबाई डोंबिवलीहून येऊन राहतील. आत्याबाईंना विचारलं नव्हतं. संस्थेच्या ताईंनी त्यांचा फोन नंबर मागून घेतला आणि खरंच फोन केला.

गरोदरपणाचाही एक प्रश्न होता. आमच्याकडे नणंदेला तेव्हा पाचवा महिना होता आणि ती बाळंतपणाला येणार होती, त्यामुळे मी जरा चाचरले. ताई म्हणाल्या, दत्तक दिलेली मांजरं संस्थेकडे परत येण्याचं हे मोठं कारण आहे, डॉक्टर किंवा सासरचे सांगतात, मांजर काढा. भीती असते टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची. तो मांजराच्या शीतून पसरतो हे खरं, पण ताज्या शीतून लगेच लागण होत नाही. त्याला निदान एक दिवस जावा लागतो. म्हणजे मांजराच्या शी-शूचा ट्रे रोजच्या रोज साफ करायचा, आणि गरोदर बाईने तो करायचा नाही, एवढं पाळलं की बहुतेक धोका टळतो. अर्धकच्चं मटण आणि न धुतलेली भाजी यांचा धोका घराघरांत असतो, त्याबद्दल कुणी बोलत नाही. नणंदेने हे तिच्या डॉक्टरांना विचारून घेतलं, मगच पुढे गेलो.

घर बघायला ताई स्वतः आल्या. आमच्या खिडक्यांना कबुतरांची जाळी होती, सगळ्यांकडे असते तशी नायलॉनची. त्यांनी कोपऱ्यात बोट घालून ओढली, एक हूक निघाला. मग बाथरूममध्ये गेल्या आणि काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीकडे बघून म्हणाल्या, "इथून जाईल." मी हसले. पट्ट्यांमध्ये हात जेमतेम जाईल एवढी फट. "डोकं गेलं की मांजर गेलं," त्या म्हणाल्या. सगळ्या खिडक्यांना तारेची जाळी लावा, फोटो पाठवा, मग पुढचं बोलू. नवरा बँकेत कर्जविभागात आहे. त्या गेल्यावर तो म्हणाला, "मी घरासाठी पन्नास लाख देताना एवढं बघत नाही."

सासूबाईंचं म्हणणं असं की मांजर चार पायांवर पडतं, त्याला काय होतंय. पडताना मांजर हवेत अंग वळवतं आणि पाय खाली आणतं, इथपर्यंत बरोबर. पण सहाव्या मजल्यावरून पाय खाली असले तरी छाती आणि हनुवटी जमिनीवर आपटतातच. जबडा फुटतो, टाळू चिरते, फुप्फुसाभोवती हवा भरते, पायांची हाडं मोडतात. १९८७ साली न्यूयॉर्कमध्ये उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद प्रसिद्ध झाली. दवाखान्यात पोचलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली होती. हा आकडा लोक मांजराच्या कौतुकाने सांगतात, पण त्यात जागीच मेलेली आणि दवाखान्यात कुणी नेलीच नाहीत ती धरलेली नाहीत. शिवाय आपल्याकडे रात्री दोन वाजता मांजराच्या जबड्याला तार घालणारा डॉक्टर कुठे शोधायचा? मांजर उडी मारून जीव देत नाही. कठड्यावर कबुतर बसतं, मांजर त्याच्यावर नजर लावतं, आणि झेप घेतल्यावर खाली काही नसतं. ताईंनी त्या वर्षात अशी किती मांजरं उचलली ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या फॉर्मातल्या प्रत्येक अटीमागे एक मेलेलं मांजर आहे, हे मला त्या दिवशी उमगलं आणि नंतर मी कुठल्याच अटीवर वाद घातला नाही. जाळीवाल्याने दोन दिवस काम केलं. बाथरूमलाही लावली.

सोसायटीचा प्रश्न त्यामानाने सोपा गेला. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे, बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. मी सेक्रेटरींना तसं पत्र दिलं. ते म्हणाले, "वहिनी, घरातल्या मांजराचं मला काय, पार्किंगमधल्या मांजरांचं काय ते सांगा." ते पुढे येतंच.

मुलीला नारिंगी बोका हवा होता. सगळ्यांनाच तो हवा असतो. नारिंगी पिल्लं हातोहात जातात, काळी मांजरं महिनोन्‌महिने फॉस्टरला पडून राहतात, आणि मोठी झालेली काळी भाटी, म्हणजे मांजरी, तर कुणी बघतही नाही. काळं मांजर मागणाऱ्यांची चौकशी मात्र ताई दुप्पट करतात, विशेषतः अमावास्येच्या तोंडावर मागणी आली तर. का, ते आपल्या लोकांना सांगायला नको. आम्ही ज्या फॉस्टरकडे गेलो तिथे एक नारिंगी पिल्लू होतं, तीन महिन्यांचं, आणि ते एका वर्षाच्या काळ्या भाटीच्या पोटाला चिकटून झोपायचं. ती त्याची आई नव्हती. ती नसबंदीचं ऑपरेशन झालेली, त्याची खूण म्हणून कानाचं टोक छाटलेली, रस्त्यावरून उचललेली. ताईंचा नियम असा की एवढं लहान पिल्लू ज्या घरात दुसरं मांजर नाही तिथे एकटं द्यायचं नाही. चावायचं किती आणि नखं कधी आत घ्यायची हे पिल्लू दुसऱ्या मांजराशी खेळताना शिकतं. एकटं वाढलं तर ते माणसाच्या पिंढरीवर शिकतं. त्यामुळे दोन्ही घ्या, नाहीतर थांबा.

मुलीने सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला, काळी आहे, चालेल का म्हणून. "उंदराला रंग दिसतो का?" त्या म्हणाल्या. विषय संपला.

दत्तकपत्रावर सही, आधार कार्डाची प्रत, लसींचं कार्ड. पिल्लाची तीन रोगांवरची लस आठव्या आठवड्यापासून सुरू झालेली, पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर, म्हणजे ती आमच्या गळ्यात. जंतांचं औषध कधी दिलं तेही लिहिलेलं. अटी अशा: नसबंदी ठरलेल्या वयात करायची, दुसऱ्या कुणाला परस्पर द्यायचं नाही, नाही जमलं तर संस्थेलाच परत करायचं, पहिले काही महिने फोटो पाठवायचे. मांजराची किंमत नाही, लसींच्या खर्चातला वाटा तेवढा घेतात, आणि त्याची पावती देतात.

सासूबाईंना डॉक्टरचं काही पटत नव्हतं. लग्नानंतर त्या परळला चाळीत राहिल्या. तिथल्या बैलघोडा हॉस्पिटलात टांग्याचे घोडे आणि लंगडणारे बैल यायचे एवढंच त्यांच्या डोक्यात. ते हॉस्पिटल सर दिनशॉ पेटिट यांनी १८८३ साली पत्नीच्या नावाने उभारलं, बाई साकरबाईंच्या. आजही तिथे कुत्री-मांजरांपासून सगळे जातात. मी हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग आमची पोत्यातली पिल्लंच दुर्दैवी म्हणायची."

पहिले काही दिवस दोघांना एकाच खोलीत ठेवायचं होतं. काळी दिवाणाखाली गेली ती बाहेर येईना. पिल्लू खात होतं, ती नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की त्याच्या यकृतावर चरबी चढते आणि ते मग खूप आजारी पडतं, म्हणून मी ताईंना सारखी फोन करत होते. त्यांनी सांगितलं, ओढून काढू नका, खोलीत नुसतं बसा, मोबाइल बघा, तिच्याकडे बघू नका. सासूबाईंनी मांदेली मीठ न घालता उकडून काटे काढून बशीत ठेवली. रात्री बशी चाटूनपुसून साफ झाली. दुधाची वाटी मात्र मी ठेवू दिली नाही. मोठ्या मांजरांना दूध बहुधा पचत नाही. कोकणातली मांजरं प्यायची हे खरं, आणि त्यांचे जुलाब पाहायला कुणी मागे जात नव्हतं हेही खरं. या मुद्द्यावर आमचं अजून एकमत नाही.

नारिंग्याचं ऑपरेशन सहाव्या महिन्यात झालं. त्यानंतर ताईंनी सांगून ठेवलंय की बोका ट्रेमध्ये जाऊन नुसता बसतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. मूत्रमार्ग अडकला तर दोनेक दिवसांत जीव जातो. त्यामुळे आमच्या घरात आता ट्रेमधले लघवीने झालेले गोळे मोजले जातात, आणि ते काम नवरा करतो. कर्जविभागाची सवय.

पार्किंगमधल्या मांजरांचं म्हणाल तर तिथे दोन भाट्या होत्या आणि वर्षातून दोन-तीनदा त्यांची वीण व्हायची. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, आणि दोन महिन्यांत विते. पिल्लं गाड्यांच्या बोनेटमध्ये शिरायची. सोसायटीतल्या काहींना वाटायचं, सगळी उचलून लांब सोडावी. पण जागा आणि कचरा तसाच राहिला की बाहेरची मांजरं येऊन ती भरतात, आणि ती ऑपरेशन न झालेली असतात. सासूबाईंचा पोत्याचा अनुभव इथे कामाला आला. सभेत त्यांनीच सांगितलं की सोडलेली परत येतात आणि नाही आली तर दुसरी येतात. वर्गणी निघाली. दोन्ही भाट्या पिंजऱ्यात आल्या, ऑपरेशन झालं, काही दिवस पंपरूममध्ये राहिल्या, कानाचं टोक छाटून परत पार्किंगमध्ये सुटल्या. पिल्लांपैकी दोन तळमजल्यावरच्या काकांनी घेतली. फॉर्म भरून, जाळी लावून. काकांनी जाळीवाल्याशी घासाघीस केली तेव्हा मीच त्यांना बाथरूमची खिडकी दाखवली.

बोके राहिलेत. त्यातला मोठा पांढरा महाडँबिस आहे, चिकन लावलेल्या पिंजऱ्याला लांबून प्रदक्षिणा घालतो आणि निघून जातो. या शनिवारी सुकट लावून बघणार आहोत.