फाइलमध्ये लिहायची राहिलेली गोष्ट

राजीनामा लिहायला दहा मिनिटं लागली, तो द्यायला तीन आठवडे.

सात वर्षं मी क्षयरोग्यांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एका संस्थेत होते. ओळखीच्या लोकांना वाटायचं, मी औषधं वाटते. आम्ही कुणाला एक गोळीही दिली नाही. आमचं काम पाठपुराव्याचं: औषध आलं नाही तर का आलं नाही हे विचारत राहायचं, निवेदनं द्यायची, आणि जिथे उपचारांबद्दल ठरतं त्या बैठकीत पेशंटलाही बसायला जागा मिळवायची. सोडायचं कारण विचाराल तर भांडण नाही, दुसरी मोठी नोकरीही नाही. दमले होते. रात्री फोन वाजला की आधी चिडायचे आणि मग चिडल्याची लाज वाटायची.

नोटीस पिरियड एक महिन्याचा. पासवर्ड, देणगीदारांचे अहवाल, अर्धवट अर्ज हे सगळं दोन दिवसांत मार्गी लागलं. अडलं ते माझ्या मोबाइलपाशी. संस्थेची हेल्पलाइन होती, तरी दीडशेच्या आसपास लोक थेट मलाच फोन करायचे. चूक माझीच, पहिल्या वर्षी उत्साहात सगळ्यांना नंबर दिला होता.

ती यादी तशीच पुढे देणं मला जमेना. यातल्या कित्येकांनी आजार घरमालकापासून लपवलेला, काहींनी तर सासरीही सांगितलेलं नाही. म्हणून एकेकाला विचारलं, 'माझ्या जागी येणाऱ्या मुलीला तुमचा नंबर देऊ का?' बहुतेक हो म्हणाले. काहींनी नको म्हटलं, ती नावं मी पुसली. एक काका म्हणाले, 'मी बरा होऊन चार वर्षं झाली. आता कशाला ठेवतेस?' त्या दिवशी मी आणखी कुणालाच फोन केला नाही. तेवढं एक वाक्य पुरलं.

नव्या मुलीसाठी मी चाळीस पानांची फाइल केली. बेडाक्विलिन हे टीबीवरचं औषध कुठे अडतं, कुणाला कुठलं पत्र द्यायचं, सगळं त्यात. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, 'ताई, यातले सहा जण फोनच उचलत नाहीत. बंद करू का त्यांच्या केसेस?'

मी नावं पाहिली आणि कपाळावर हात मारला. सहाही जणांना ऐकू येत नव्हतं. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर पूर्वी कानामायसिनची इंजेक्शनं महिनोन्‌महिने द्यायचे; त्यात अनेकांचे कान कायमचे गेले. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये ते इंजेक्शन वापरू नका असं सांगितलं, आणि 2022 मध्ये सहा महिन्यांच्या, फक्त गोळ्यांच्या उपचाराची शिफारस केली. पण गेलेले कान काही परत येत नाहीत. बेडाक्विलिनच्या पेटंटची मुदत वाढू नये म्हणून भारतात हरकत घेणाऱ्या नंदिता वेंकटेशन आणि फुमेझा टिसिले या दोघींचंही ऐकणं टीबीच्या उपचारांतच गेलेलं. 2023 च्या मार्चमध्ये तो मुदतवाढीचा अर्ज फेटाळला गेला, तेव्हा आमच्या ऑफिसात टाळ्या पडल्या. आणि त्याच ऑफिसातल्या माझ्या चाळीस पानांत 'फोन करू नका, मेसेज करा' एवढं एक वाक्य नव्हतं! मला ते इतकं सवयीचं झालं होतं की लिहायचं सुचलंच नाही.

उरलेले दिवस फाइल बाजूला ठेवून मी नुसती बोलत बसले आणि ती वहीत लिहून घेत गेली. कुणाला दुपारी चारनंतरच मेसेज करायचा, कारण तेव्हा फोन नवऱ्याच्या हातात नसतो. कोण 'ठीक आहे' म्हणालं की ठीक नाही असं समजायचं. गोळ्या सोडलेला माणूस आधी मेसेजला उत्तर देणं सोडतो.

निरोपाचा कार्यक्रम झाला. भाषणांतली ती कर्तबगार बाई कोण, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

नंबर बदलायचा नाही, पण केसेसबद्दल काही आलं तर नव्या मुलीकडे पाठवायचं, असं मी ठरवलं होतं. पहिल्या आठवड्यात दोनदा मोडलं.

मग त्या सहांपैकी एकीचा मेसेज आला: 'नवीन मुलगी बरी आहे. टाइप फार हळू करते.'