निबंध क्रमांक 12 : रॉजरचा दगड

आपल्यासारख्या हौशी निबंध तपासणाऱ्यांसाठी ही पुढची नोंद. या खेपेला लाल पेनाला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. लावला, हे आधीच कबूल करते.

निबंध आमच्या खालच्या मजल्यावरच्या अकरावीतल्या मुलीचा. इंग्रजीतला, बाराशे शब्दांचा. विषय, विल्यम गोल्डिंग यांच्या 1954 सालच्या 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' कादंबरीतली 'सिव्हिलायझेशन'. गोष्ट थोडक्यात अशी, की युद्धाच्या धामधुमीत शाळकरी मुलांना घेऊन निघालेलं विमान पडतं आणि निर्जन बेटावर फक्त मुलगे उरतात. शंख वाजवून सभा भरवतात, नियम करतात आणि शेवटी एकमेकांच्या जिवावर उठतात. मुलीचं म्हणणं एकच होतं: नियम सुटले की माणूस रानटी होतो. पाच परिच्छेद, पाचांतही तेच.

पहिल्या मसुद्यावर मी 31 शेरे मारले. स्वल्पविराम, चुकलेले काळ, 'संदर्भ?', 'विस्तार हवा'. दोन दिवसांनी पोरीने 31 च्या 31 दुरुस्त्या करून आणल्या. निबंध जागच्या जागीच. जुन्याच शर्टाला कडक इस्त्री.

त्यात मी आणखी एक शहाणपणा करून ठेवला होता. पिगी या चष्मेवाल्या मुलाच्या चष्म्याने बेटावरची मुलं जाळ पेटवतात, त्या जागी समासात लिहिलं होतं की पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे त्याची भिंगं अंतर्गोल. अंतर्गोल भिंग किरण पसरवतं, त्याने काटकीसुद्धा पेटायची नाही. खरी गोष्ट आहे, पण निबंधाशी तिचा काय संबंध? दुसऱ्या मसुद्याची सुरुवातच त्या भिंगाने झालेली! आपण गंमत म्हणून लिहितो, मुलं त्याला मार्कांची वाट समजतात.

तिसऱ्या वेळी पेन्सिल घेतली आणि तीनच प्रश्न लिहिले.

पहिला प्रश्न म्हणजे खरं तर एक काम होतं. निबंधात 'सिव्हिलायझेशन' 17 वेळा आलं होतं. म्हटलं, प्रत्येक ठिकाणी वर मराठी शब्द लिही, तोच शब्द पुन्हा चालेल. आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून तिने लिहायला घेतलं. आधी सगळीकडे 'संस्कृती'. मग खोडाखोड. एका ठिकाणी 'शिस्त', एका ठिकाणी 'सुधारणा', दोन ठिकाणी चक्क 'इंग्लंड' आणि एका ठिकाणी 'मोठी माणसं'. मी पोहे परतत होते. मागून आवाज आला, "काकू, हे सगळं एकच नाहीये." मी गप्प राहिले. (याला माझ्या लेखी प्रगती म्हणायची. वर्षापूर्वी मी तिथेच भाषण ठोकलं असतं.)

दुसरा प्रश्न: 'आपल्याला नियम हवेत, आपण रानटी नाही, आपण इंग्रज आहोत' हे नक्की कोण म्हणतं? तिने बिनदिक्कत राल्फच्या, म्हणजे मुलांनी निवडलेल्या म्होरक्याच्या नावावर टाकलं होतं. पान उघडायला लावलं. बोलणारा निघाला जॅक, म्हणजे पुढे तोंड रंगवून शिकारीची टोळी करणारा तोच. तिचा चेहरा पाहण्यासारखा होता. 'नियम विरुद्ध रानटीपणा' या दोन कप्प्यांत तिने पोरं वाटली होती आणि नियमांचा सर्वांत मोठा हौशी भलत्याच कप्प्यात निघाला.

तिसरा प्रश्न मला स्वतःलाच आवडला: रॉजरचा दगड हेन्रीला का लागत नाही? चौथ्या प्रकरणात रॉजर हा मोठ्या मुलांपैकी एक किनाऱ्यावर खेळणाऱ्या लहानग्या हेन्रीच्या दिशेने दगड फेकतो, पण त्याच्याभोवतीची सहाएक यार्डांची जागा सोडून. आईबाप, शाळा, पोलीस, कायदा यांचा हात अजून त्याच्या हातावर आहे. लेखक पुढे म्हणतो की ज्या सिव्हिलायझेशनने तो हात घडवला तिला रॉजरचा पत्ताही नाही आणि ती स्वतः मोडकळीला आलेली आहे. निबंधाच्या विषयाचा शब्द कादंबरीत इतका उघडा पडलाय आणि तीन मसुद्यांत त्या ओळीचा मागमूस नव्हता. मी ओळ दाखवली नाही, फक्त प्रकरण सांगितलं.

ओळ तिने शोधली. वर आणखी एक धागा जोडला, जो मी शिकवलेला नाही: हाच रॉजर अकराव्या प्रकरणात कड्यावरून मोठी शिळा ढकलतो, पिगी मरतो, शंखाचा चुरा होतो. तिथून ती शेवटी मुलांना सोडवायला बेटावर येणाऱ्या नौदल अधिकाऱ्यावर गेली. इंग्रज मुलांनी जरा बरं वागायला हवं होतं असं ऐकवणारा हा गृहस्थ, आणि त्याची स्वतःची युद्धनौका मागे उभी. गोल्डिंग स्वतः दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात होते, नंतर मुलांच्या शाळेत शिकवत होते, एवढं मात्र मी तोंडी सांगितलं.

चौथ्या मसुद्यात तो शब्द सहा वेळा आहे. तिसरा परिच्छेद अजून गोष्टच सांगत बसतो, ते पुढच्या रविवारी. चष्म्याची भानगड मात्र तिने तळटीपेत जपून ठेवलीये. काढ म्हणावं, तर चूक माझीच. राहू दे म्हणावं, तर परीक्षक हसतील. तुम्ही काय केलं असतं?