'समुद्रावर काम करण्यास योग्य' : एका शिक्क्यासाठी

संशोधन जहाजावर तब्येत कशी सांभाळलीस, असं ज्युनिअर मुलं विचारतात. सांगते, पण आधी त्या मेडिकल सर्टिफिकेटबद्दल बोलू द्या. ते अजून डोक्यातून गेलेलं नाही.

बाकी सगळं सुरळीत झालं. मार्गदर्शकांनी नाव सुचवलं, पत्र आलं, मुरगाव बंदराचा पासही झाला. संशोधनासाठीच्या समुद्रसफरीलाही क्रूझच म्हणतात, त्यामुळे क्रूझवर निघाले म्हटल्यावर मावशीने पोहण्याचा ड्रेस घेतलास का म्हणून विचारलं, तेवढंच. पत्रासोबत एक फॉर्म होता. रक्तदाब, साखर, ईसीजी, छातीचा एक्स-रे, नजर, रंग ओळखणं, आणि तळाशी सरकारी डॉक्टरच्या सहीनिशी एक ओळ : 'समुद्रावर काम करण्यास योग्य'.

आमच्या जिल्ह्याच्या गावी मोठ्या सरकारी दवाखान्यात केसपेपर काढला. तपासण्या एका सकाळीत उरकल्या, सगळं नॉर्मल. मग सर्टिफिकेटची खिडकी आली.

"हा नमुना आमचा नाही," क्लार्क म्हणाले. "आमचा छापील आहे. शासकीय सेवेत रुजू होण्यास योग्य. तो घेऊन जा."

"पण मी नोकरीला लागत नाहीये, जहाजावर चाललेय."

"मग नेव्हीचं हॉस्पिटल बघा."

वाद घालण्यापेक्षा छापील घेतलं आणि पाठवून दिलं. क्रूझचं काम बघणाऱ्या ऑफिसातून उलट टपाली उत्तर : प्रमाणपत्रात समुद्राचा उल्लेख नाही. परत खिडकीवर. आता कळलं की वेगळा मजकूर हवा तर मेडिकल बोर्डापुढे जावं लागतं आणि बोर्ड बुधवारी बसतं. बुधवारी गेले, तर साहेब कलेक्टर ऑफिसात मीटिंगला. पुढच्या बुधवारी साहेब होते, बोर्डातले दुसरे डॉक्टर रजेवर. इकडे जहाज सुटायची तारीख जवळ येत होती आणि ऑफिसातून रोज एक स्मरणपत्र. मधेच क्लार्कनी एक मुद्दा काढला, तो मी आयुष्यात विसरणार नाही : "आपल्या जिल्ह्याला समुद्रच नाही. आम्ही लिहायचं कशाच्या आधारावर?" मी तिथल्या बाकावर बसून रडायचीच बाकी होते. शेजारी ड्रायव्हिंग लायसन्सच्या सर्टिफिकेटसाठी आलेले एक आजोबा म्हणाले, "पोरी, चहा पिऊन ये. साडेतीनशिवाय इथं पान हलत नाही."

साडेतीनला पान हललं. ओपीडी संपवून एक मेडिकल ऑफिसर मॅडम आल्या, माझी फाईल उघडली आणि विचारलं, "घाटात गाडी लागते का?" आंबोलीत दर वेळी लागते, म्हटलं. "हे फॉर्ममध्ये कुठे लिहायचं?" तसा रकानाच नव्हता. मग तोंड उघडायला लावलं, मोबाइलचा टॉर्च मारला. "उजवी खालची दाढ किडलीय. जायच्या आधी भरून घे. तिकडे रात्री ठणकली तर कोण बघणार?" दातांचाही रकाना नव्हता. एवढं झाल्यावर माझ्याच फॉर्मवर पेनाने ती ओळ लिहिली आणि सही केली. शिक्का मात्र अजून बाकी होता, कारण गोल शिक्का साहेबांच्या कपाटात आणि किल्ली साहेबांच्या खिशात. तो दुसऱ्या दिवशी मिळाला. जावक क्रमांक घ्यायला पुन्हा त्याच खिडकीवर.

म्हणून पहिलं काम हे करा : नौवहन महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरचं सर्टिफिकेट चालेल का, हे तुमच्या क्रूझच्या ऑफिसला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. हे डॉक्टर खलाशांनाच तपासतात, त्यांच्यापुढे 'समुद्र' शब्दाचं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही.

दाढ भरली, ते बरं झालं. आंबोलीचं भाकीतही खरं ठरलं. पावसाळा सरला तरी अरबी समुद्रात मोठ्या लाटा होत्या आणि आमचं जहाज गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'सिंधु साधना'एवढं, म्हणजे जेमतेम 80 मीटरचं. बोट लागते कारण कान सांगतो आपण हलतोय आणि डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते. त्यामुळे बंद लॅबमध्ये स्क्रीनकडे बघत बसणं सगळ्यात वाईट. बाहेर या, क्षितिजाकडे बघा. गोळी बंदर सोडायच्या आधी घ्यायची. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. कोणती घ्यायची ते डॉक्टरांना विचारून ठरवा. मी अवोमिन घेतली, तिने झोप येते, त्या दिवशी विंचजवळ, म्हणजे यंत्रं पाण्यात सोडायच्या रहाटाजवळ, जाऊ नका. रिकाम्या पोटी जास्त मळमळतं. मी आलेपाक आणि चुरमुरे नेले होते. चुरमुरे दोन दिवसांत इतरांनीच संपवले.

खरा शत्रू मात्र खाणं. सीटीडी, म्हणजे खारटपणा आणि तापमान मोजणारं यंत्र, सेकंदाला साधारण एक मीटर वेगाने खाली जातं. 3000 मीटरला जायलाच 50 मिनिटं, आणि वर येताना पाण्याचे नमुने घेणाऱ्या त्याच्यावरच्या बाटल्या बंद करायला थांबत थांबत त्याहून जास्त. रात्री दोन वाजता ही वाट बघताना मेसमध्ये गरम पराठे असतात. मी त्या वेळात बैठका मारायला लागले. जिममध्ये ट्रेडमिल आहे, पण जहाज डोलत असताना पट्टा पायाखालून वर येतो. सायकल बरी.

झोपताना लोळून खाली पडू नये म्हणून लाइफ जॅकेट गादीच्या बाहेरच्या कडेखाली सरकवायचं. आपण भिंत आणि गादीच्या मधल्या घळीत बसतो. हे मला बोसननी, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमांनी, दाखवलं. बारा-बारा तासांची पाळी असेल तर डोळ्यांवरची पट्टी हवीच, पाळी संपते तेव्हा बाहेर लख्ख ऊन असतं. बंकची निवड असेल तर जहाजाच्या मध्यावर, खालच्या डेकवरचा मागा, तिथे हलणं सगळ्यात कमी.

दारांचे उंबरठे नडगीएवढे उंच असतात. माझी नडगी पहिल्याच आठवड्यात निळी झाली. दारावर बोटं ठेवून कधीही उभं राहू नका, लाटेने ते जड दार आपटतं. मुलींनो, पॅड पूर्ण क्रूझचे घेऊन जा, वाटेत दुकान नाही, आणि ते संडासात टाकू नका. जहाजावरचे संडास व्हॅक्यूमने ओढले जातात, ती लाइन तुंबली की सगळ्या डेकला कळतं. एसीमुळे तहान जाणवत नाही, पोट साफ होत नाही. बाटली भरून जवळ ठेवा, इसबगोल न्या.

उतरल्यावर एक-दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटते, आंघोळ करताना भिंत धरावी लागते. तेव्हा बंदरावर कोणी स्कूटर घेऊन न्यायला आलं, तर मागे बसा.