दहा हजार जास्त मोजायचे, पण कशाचे?

चवथीच्या सेलमध्ये एकाच लॅपटॉपची दोन मॉडेलं शेजारी मांडलेली असतात, दुसरं दहा-बारा हजारांनी महाग. सेल्समन बोट ठेवतो ते प्रोसेसरवर. तिथेच बहुतेक जण फसतात.

इंटेलचे आय५-१३३५यू आणि आय७-१३५५यू हे दोन प्रोसेसर बघा. दोन्हींत १० कोअर (काम करणारे भाग), १२ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), १२ एमबी कॅश (आतली छोटी, वेगवान मेमरी). कमाल वेग ४.६ आणि ५ गिगाहर्ट्झ, तोही थोडा वेळच टिकणारा. पातळ बॉडीत उष्णता बाहेर पडेना की दोघांनाही वेग उतरवावा लागतो. टॅली, एक्सेल नि ऑनलाइन क्लासपुरता यात काही फरक कळणार नाही.

पैसे घालावेत ते नंतर बदलता न येणाऱ्या गोष्टींवर, आणि त्यात पहिली रॅम, म्हणजे चालू कामासाठीची मेमरी. डेमो पीसवर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये मेमरी उघडा आणि ‘फॉर्म फॅक्टर’ वाचा. ‘एसओडिम’ दिसलं तर रॅम स्लॉटमध्ये आहे. ८ जीबीचंच घ्या, पुढे दुसरी पट्टी घाला. दोन पट्ट्या झाल्या की ड्युअल चॅनल चालू होतं, म्हणजे दोन्हींतून एकाच वेळी डेटा जातो-येतो, आणि प्रोसेसरमधल्याच (इंटिग्रेटेड) ग्राफिक्सलाही बळ मिळतं. ‘रो ऑफ चिप्स’ दिसलं तर रॅम बोर्डावर सोल्डर केलेली. काही मॉडेलांत सोल्डरसोबत एक रिकामा स्लॉटही असतो, तेवढं स्पेसिफिकेशनमध्ये तपासा. तो नसेल तर १६ जीबीच घ्या, घासाघीस दुसऱ्या कशावर करा. ८ जीबीतूनच विंडोज जागा घेतं, ग्राफिक्सही घेतं. क्रोमचे पंधरा टॅब उघडले की उरलेला भार एसएसडीवर, म्हणजे फायली साठवणाऱ्या, रॅमपेक्षा हळू डिस्कवर जातो आणि मशीन रेंगाळतं.

५१२ जीबीऐवजी १ टीबी एसएसडीसाठी मात्र जास्त मोजू नका. ती बहुतेक लॅपटॉपांत एका स्क्रूवर बसते, नंतर बदलता येते. फक्त स्लॉट २२८० मापाचा (२२ मिमी रुंद, ८० मिमी लांब) की आखूड २२४२चा (४२ मिमी लांब), ते आधी विचारा.

स्क्रीनचंही रॅमसारखंच, नंतर बदलता येत नाही म्हणून आधीच बघा. एनटीएससी आणि एसआरजीबी ही पडदा किती रंग दाखवतो त्याची मापं, निट्स हे उजेडाचं. ‘४५ टक्के एनटीएससी, २५० निट्स’ असं लिहिलेल्या पॅनेलवर लाल जास्वंद विटकरी दिसते, आणि दुपारी बाल्कांवात (घरापुढच्या ओट्यावर) बसलात तर पडद्यात स्वतःचंच तोंड. फोटो, डिझाइन, लग्नाचे अल्बम करणाऱ्याने १०० टक्के एसआरजीबी आणि निदान ३०० निट्ससाठी पैसे द्यावेत.

मेटल बॉडीचं कौतुक जरा बेताने. जुन्या घरातल्या सॉकेटला अर्थिंग नसेल, किंवा चार्जरच दोन पिनांचा असेल, तर चार्जिंग चालू असताना मनगटाला मुंग्या आल्यासारखं होतं. दुसऱ्या बाबतीत नवीन अर्थिंग करूनही उपयोग नाही, कारण तिसरी पिनच नाही. प्लॅस्टिक बॉडीत हा ताप नाही.

गोव्यात कोलवा, मिरामार, कळंगुटच्या बाजूला, समुद्राजवळ राहणाऱ्यांनी वाचलेले पैसे वॉरंटीत घालावेत. पंखा खारी, दमट हवा आत ओढतो; पोर्टांचे कॉन्टॅक्ट गंजतात. पण साधी एक्स्टेंडेड वॉरंटी गंज आणि पाण्याचं नुकसान सहसा धरत नाही. अपघाती नुकसानीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं, आणि त्यातही गंज धरलाय का ते वाचूनच घ्या. ‘ऑनसाइट’ म्हटलं तर पेडणे किंवा काणकोणचा तुमचा पिनकोड त्यात बसतो का, ते पैसे देण्याआधी लेखी घ्या.