जांभळा डाग

टाकाऊ वस्तूंपासून आर्केड कॅबिनेट बनवणं हा माझा धंदा आहे. प्लायवूडचं कॅबिनेट कोणीही करतो. माझ्याकडे पियानोचं खोकं आलं, बंद पडलेला फ्रिज आला, त्यांची गेम मशिनं होऊन गेली. कोणी नाक मुरडलं की मी 'पाँग' या सुरुवातीच्या आर्केड गेमचा दाखला देतो. १९७२ साली ॲलन अल्कॉर्नने त्याचा पहिला नमुना केला, तो दुकानातून आणलेला साधा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही खोक्यात बसवून. या घराण्याचे पूर्वजच जुगाडू.

तर एक गिऱ्हाईक वडिलांचं लोखंडी कपाट आणि घरातला २१ इंची जुना टीव्ही घेऊन आलं. म्हणालं, "हे त्यात बसवा." त्याला सपाट स्क्रीन नको होती, पिक्चर ट्यूबच हवी होती. माणूस जाणकार निघाला म्हणून मी खूश.

लोखंडी कपाट दिसायला दणकट, पण पत्रा जेमतेम ०.८ मिलिमीटरचा. बटणांना ३० मिलिमीटरची भोकं लागतात. होल-सॉ लावला की दात अडकतात आणि पत्रा कागदासारखा मुरगळतो. त्यामुळे मागे लाकडाची फळी शिकंज्यात आवळायची, तेल सोडायचं आणि पायऱ्यांच्या ड्रिलने हळूहळू भोक वाढवत न्यायचं. आतून गाडीच्या दारात असतात तसे डांबरी पत्रे चिकटवायचे, नाहीतर प्रत्येक बटण दाबल्यावर कपाट ढोलासारखं वाजतं. जॉयस्टिकच्या खाली चार दिशांची चौकट बसवायची, कारण आठ दिशांच्या चौकटीत 'पॅक-मॅन' खेळलात तर वळणावर काठी तिरकी जाते आणि तो पिवळा गोळा भिंतीला नाक लावून उभा राहतो. ही चौकट न बदलता मशिन विकणाऱ्यांबद्दल माझं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

टीव्हीची चासी, म्हणजे आतला सांगाडा, पुष्कळदा थेट घरच्या विजेला जोडलेली असते. ती लोखंडी कपाटात घालायची म्हणजे तिला त्या विजेपासून वेगळं ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच, आणि कपाटाला वेगळं अर्थिंग. व्हिडिओ बनवणारी हौशी मंडळी यातलं काही सांगत नाहीत. ट्यूबच्या ॲनोडवर २५ हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि एकदा डिस्चार्ज केला तरी काच आपोआप थोडी पुन्हा भरते, म्हणून दोनदा डिस्चार्ज करायचं, हेही नाही.

पत्रा कापला की लोखंडाचा कीस पडतो, तो सर्किटवर गेला की शॉर्ट. त्यासाठी माझी खास पद्धत आहे. एका फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक कापडात गुंडाळायचं आणि पत्र्याला टेकवून वरून खाली ओढायचं. पुन्हा वरून खाली, नेहमी एकाच दिशेने, म्हणजे कीस मागे पसरत नाही. या पद्धतीचा मला फार अभिमान होता.

टेबलावर टीव्ही लावून पाहिला, चित्र स्वच्छ. मी आणि माझ्या हाताखालचा पोरगा, दोघांनी मिळून ट्यूब कपाटात चढवली. चढवताना कडेला जरा धक्का लागला. चालू केली तर वरच्या डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा जांभळा डाग.

ट्यूबच्या काचेमागे बारीक भोकांचा पातळ पत्रा असतो, शॅडो मास्क. तीन किरणांपैकी प्रत्येकाने आपापल्याच रंगाच्या ठिपक्यावर पडावं ही त्याची जबाबदारी. तो चुंबकित झाला तर रंग भरकटतात, पण ते डिगॉस करून, म्हणजे चुंबकत्व घालवून, सुधारतं. धक्क्याने वाकला तर ट्यूब गेली. मी डिगॉसिंग कॉइल स्क्रीनसमोर गोल फिरवली, मागे मागे सरकत दोन मीटरवर जाऊन बंद केली. डाग फिका झाला, पण गेला नाही. झालं, निदान पक्कं: मास्क वाकला. पोराला जे बोललो ते बोललो.

संध्याकाळी गिऱ्हाईक डोकावलं. "आमच्या टीव्हीवर असा डाग कधीच नव्हता हो," तो म्हणाला. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की कानावरून घसरून जातं. सगळ्यांच्या घरी सगळं 'आधी' उत्तमच चालत असतं. दुसऱ्या दिवशी मशिन द्यायचं होतं. पोरगा म्हणाला, "दादा, बाहेर काढून एकदा टेबलावर लावून बघूया ना." मी म्हटलं, "पाडलीस तू, आता शहाणपण नको शिकवू."

दुसऱ्या एका बाद टीव्हीची जुळणारी ट्यूब माझ्याकडे होती. जुनी उतरवली. निर्वात ट्यूब वर्कशॉपमध्ये तशीच पडून राहू द्यायची नाही हा माझा नियम, फुटली तर काचा उडतात. म्हणून डिस्चार्ज करून तिच्या मानेच्या टोकावरची काचेची बोंडी मोडली. बारीक फुस्स आवाज होऊन हवा आत गेली. ती ट्यूब परत कधीच लागणार नाही.

दुसरी ट्यूब बसवली, चालू केली. वरच्या डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा जांभळा डाग.

किती वेळ बघत उभा होतो कोण जाणे. मग खणातून होकायंत्र काढलं आणि कपाटावरून फिरवलं. लोखंडाजवळ सुई थोडी हलणारच, पण डाव्या बाजूच्या पत्र्यावर ती गर्रकन उलटी फिरली, बरोबर तिथे, जिथे मी कीस ओढून काढला होता. ट्यूबचं रंगाचं गणित इतकं नाजूक असतं की टीव्हीचं तोंड दुसऱ्या दिशेला वळवलं तरी पृथ्वीच्या चुंबकत्वाने फरक पडू शकतो. मी तर अख्खा पत्राच चुंबकित केला होता. कॉइल मी फक्त स्क्रीनवर फिरवली होती, कपाटावर नाही. आता पत्र्यावर फिरवली, मग स्क्रीनवर. डाग गेला.

पोरगा मागे उभा होता. काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

गिऱ्हाइकाला मी सांगितलं, "जुनी ट्यूब गेली होती, बदलून दिली. त्याचे पैसे नको." 'गेली होती.' तो दोनदा आभार मानून खेळायला बसला. मग थांबून स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर बोट फिरवत म्हणाला, "इथे एक ओरखडा होता. लहानपणी माझ्याच हातून पडला होता."

"काच नवी आहे ना," मी म्हटलं.

"हां, खरंय," म्हणून त्याने स्टार्टचं बटण दाबलं.

ती ट्यूब अजून दाराशी उभी आहे. काचेत शिसं असतं, त्यामुळे कचऱ्यात टाकता येत नाही, रिसायकलिंगलाच द्यावी लागते. दोनदा गाडीत ठेवली आणि दोनदा उतरवून घेतली. ओरखडा नखाएवढा आहे, उजेड तिरका पडला की दिसतो.